अठरा वाव

मीटर पडवीत, मांगर माडांच्या पलीकडे.
मध्ये अठरा वाव.
दोर मोजतात तसे दोन्ही हात पसरून मोजले मी,
आणि बस्त्याव वायरमन हसला नाही.
वहीत लिहिलं: अठरा. पुढे: गुणिले दोन.
"गेलेली परत येऊक व्हयी मां," म्हणाला.

बर्फ परुळ्याहून आणायचा तर निम्मा रस्त्यालाच.
म्हणून फ्रीज घेतला, हॉटेल मोडलेल्या माणसाकडून,
छातीएवढा, आत अजून कुल्फीचा वास.
आणि दिराने आधीच आणून ठेवलेलं बंडल,
दीडचं, लाल.
"सगळ्यांकडे हीच असते."

बस्त्यावने टोक सोललं, तांबं नखाने वाकवलं.
"ही दिव्याक. पंख्याक.
फ्रीज चलता तेव्हा काय नाय.
उठताना वडता, वाळयेतली होडी सुटताना
दोराक वडता तसो."

पुढचं मला सांगावं लागलं नाही.
सुंभ, पागाची दोरी, नांगराचा दोर,
आमची पोरं अंधारात बोटांनी ओळखतात.
पण दोर तुटतो, मग कळतं तरी.
तार तुटत नाही. भिंतीत बसून तापते.
फिलूच्या घरी स्विचमागे
तळहाताएवढा काळा डाग होता.
त्यावर त्यांनी कॅलेंडर लावलेलं.

"अडीचची?" मी विचारलं, मनात पैसे मोजत.
त्याने मांगराचा कोपरा पाहिला,
जिथे बर्फ फोडायची मोटर बसणार होती,
जी मी अजून घेतलीच नव्हती,
एकदा नुसती बोलले होते.
"चारची. हिरवी अर्थिंगची वेगळी.
आणि एमसीबी तारेच्या मापाचो.
तो तारेक राखता, फ्रीजाक नाय."

चारचं बंडल कुडाळला मिळालं.
घराचा रंग पुढल्या वर्षावर गेला.
दीर दोन दिवस बोलला नाही.

तिसऱ्या संध्याकाळी खटका पडला.
मांगरातून घुरघुर आली म्हणे.
मी तिथे नव्हतेच,
स्वयंपाकघरात उभी, डोक्यावरच्या बल्बकडे बघत,
मिचकावतो का.
तव्यावरचा बांगडा करपला.
बल्ब तसाच.

दीडचं बंडल दुकानदाराने परत घेतलं नाही,
टोक सोललेलं म्हणून.
त्यातली चार वाव काढून
विहिरीवर एक दिवा लावला. तिथे ती पुरते.
शिडीवर दीरच चढला,
आणि उतरताना, माझ्याकडे न बघता,
ही किती जाडीची, ते बस्त्यावला विचारलं.