शेऱ्याचा रकाना

जून लागला तरी चोपड्यात कूलर बंद करायची
कुणाची छाती नव्हती.
वाळ्याच्या ओल्या वासात मी शिक्के मारत बसलो होतो
आणि उन्हाळी सभासद एकेक करून येत होते
पुस्तक टेबलावर ठेवायला,
तीस रुपये अनामत मोजून घ्यायला.

रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
वर्षानुवर्षं त्यात एकच शब्द, ‘चांगले’,
आणि त्याखाली पानभर दोन-दोन टिकल्या,
म्हणजे वरीलप्रमाणे.

यंदा अठराशे सात नंबर पाच घरं फिरून आला.
जाड कादंबरी, पुठ्ठा सुटलेला,
मधल्या पानांवर डांगराच्या रसाचा डाग.
एक बाई घर सोडते, नदीपलीकडे जाते,
हळद कांडून पोट भरते, असलं काहीतरी.

गुजराथी सर म्हणाले, ‘शेवट पटला नाही.
एवढं सोसून ती परत जाते?’

इंदूबाई बडगुजर ब्लाउजांच्या पिशवीत
चष्मा शोधत होत्या, तो सापडायच्या आधीच फणकारल्या,
‘परत कसाले जाई ती?
तठेच राहस, हयद कांडस,
दोन बाया कामले ठेवस!’

मागे सेवंती पावरा उभी होती,
वैजापूरहून पहिल्या गाडीनं आलेली,
नखांत अजून चारोळीचं काळं.
हळू म्हणाली, ‘ती बुडते, सर.
नदीला पूर येतो हे आधी तीनदा सांगितलंय.
उगाच कोण तीनदा सांगेल?’

‘आन् तिना भाऊ?’ सुभान तडवीनं विचारलं.
केळीच्या ट्रकवर असतो, दिल्लीची खेप,
इंदूरपुढं गाड्या तुंबल्या की
स्टिअरिंगवर पुस्तक टेकवतो.
‘भाऊ माफी मांगस का नही? मुद्दा तो शे.’

आवाज वाढले. ‘शांतता राखा’ची पाटी
माझ्याच डोक्यावर होती.
म्हणून मी निकाल लावायला पुस्तक उघडलं.

दोनशे बारावं पान.
‘ती उंबऱ्यापर्यंत आली आणि’
पुढे पुठ्ठा.
अख्खा सोळा पानांचा जुजा गेलेला,
दोऱ्याचं टोक तेवढं लोंबत होतं.

कूलर घरघरत राहिला.

सर चष्मा पुसू लागले. पुसलेलाच पुन्हा.
‘चाळीस वर्षं शिकवलं हो,’ म्हणाले,
‘एवढ्यावरून कळतंच की पुढचं.’
इंदूबाई खुर्चीत बसल्या.
‘फाटेल व्हतं? मंग मी काय वाचं वं?
आठ दिवस मशीनवर बशीसनं
मी कोना संसार लाया मार्गी?’

सुभान हसला.
‘माले वाटनं, पुस्तकच आसं शे.
आपू केया दिल्लीले उतारी देतस.
पुढे कोना घर पिकन्यात, कोन सांगस?’

सेवंतीनं काही न बोलता वही काढली.
पाठीमागून सुरू केलेली, निळ्या शाईत, अकरा पानं.
‘मला वाटलं,
उरलेलं आपणच लिहून आणायचं असतं.’

मग सगळे माझ्याकडे वळले.
कारण पाचवं घर माझं.
मी ते पुस्तक वाचलं होतं फार पूर्वी,
सगळी पानं शाबूत असताना.
ती उंबऱ्यापर्यंत येते आणि तिला तहान लागते.
पाणी पिते. दार लोटते. झोपते.
सोळा पानं त्यातच जातात.
तेव्हा मी चिडून पुस्तक आपटलं होतं,
पुठ्ठा तिथूनच सुटला असावा.

‘आठवत नाही,’ मी म्हणालो,
आणि अनामत मोजू लागलो,
दोनदा चुकलो.

इंदूबाईंना वही घरी न्यायची होती.
सरांनाही, पण नंतर, ‘शुद्धलेखन बघायला’.
वहीला दाखल क्रमांक नाही,
मी ती कुणाच्या नावे कशी टाकणार?
तरी लिहिलं: वही, एक नग, पावरा यांची,
बडगुजर यांचेकडे, सात दिवस.

शेऱ्याच्या रकान्यात हात सवयीनं
टिकल्या काढायला गेला.
मी थांबलो.
शिक्क्याची शाई वाळेपर्यंत
तो रकाना कोराच राहिला,
आणि अजून आहे.