रकाना पाचवा

नमुना अकराशे सत्तेचाळीस.
जाड कागदावर टाचलेली एक फांदी, सात पानं,
त्यातलं एक उलटं, पाठ दिसावी म्हणून,
आणि खाली उजव्या कोपऱ्यात माझं अक्षर:
वय चोवीस, शाई निळी, घाई उघड.

मासुंद्याकडची खिडकी उघडली
की डांबरगोळ्यांचा वास बाहेर जातो
आणि भेळेचा आत येतो. नीलकंठ विचारतो,
मॅडम, रिटायर व्हायच्या आधी
एवढं एक कपाट तरी होईल का?

होईल. पण ह्या कागदापाशी
मी पंधरवडाभर अडले आहे.

तेव्हा नुसती पानं आणली होती.
बांबू पानांवरून ओळखायचा म्हणजे
माणूस छत्रीवरून ओळखायचा.
खरी ओळख कोंबाच्या खोळीत,
जी कांड वाढलं की गळून पडते
आणि वाळवी नेते, नाहीतर चूल.

म्हणून भाद्रपदात पुन्हा येऊर.
फाटकावरच्या वहीत नाव, वेळ, कारण.
कारणाच्या जागी मी लिहिलं: चूक.
चौकीदारानं वाचलं. काही बोलला नाही.

पाटोणपाड्यापुढच्या चढाला गुडघे कुरकुरले.
बेट तिथंच होतं, ओढ्याच्या वाकणावर,
त्याच तिरप्या दगडाला रेलून.
मी खाली बसले, भिंग काढलं.

खोळीला कान नाहीत.
जिभली आखूड, कडेला दातेरी.
लव काळपट, राठ; मनगट रात्रीपर्यंत खाजत राहिलं.
पातं मागं वळलेलं, कुणी हाक मारल्यासारखं.
गाठीवर फांद्या तीन, मधली दांडगी.
पेर कापलं: भोक जेमतेम काडी जाईल एवढं.
सगळं दोनदा मोजलं,
तिसऱ्यांदा मोजताना हसू आलं.

हे मला रूपजी वरठानं
एकोणनव्वद साली, कोयता न थांबवता सांगितलं होतं.
"बाई, हा तो नाय. ह्याची टोपली व्हत नाय.
चिरला का वाकडा फुटतो."
आणि त्यानं एक नाव घेतलं होतं.
दोन अक्षरी? तीन?
माझ्याकडच्या छापील यादीत ते नव्हतं.
मी पाचव्या रकान्यात, 'स्थानिक नाव'पुढं,
लिहून टाकलं: चिवा.

रूपजी गेला. त्याची नात जयवंती
सिव्हिलमध्ये नर्सिंग शिकते, रविवारी घरी असते.
माझ्या डोक्यावर छत्री धरून उभी होती.
"आजा काहीतरी म्हणायचा खरं."
आईला विचारलं. आईनं मावशीला फोन लावला,
मावशीनं जव्हारला. रेंज गेली, आली.
पलीकडून कुणीतरी म्हातारं हसलं:
"त्याला कशाला नाव? तो काय कामाचा?"

जुनी चिठ्ठी काढायची नाही, हा नियम आहे.
फाडायची नाही, खोडायची नाही.
नवी तिच्या शेजारी डकवायची, तारखेसह,
कोण कधी काय समजून बसलं होतं
ते पुढच्याला दिसावं म्हणून.

प्रजाती बदलली. जाती बदलली.
लॅटिनचे दोन तिरपे शब्द गेले, दोन आले.
कारणं लिहिली: कान, जिभली, लव, पेर.
सही केली, त्याच हाताची,
पण आता प्रत्येक अक्षर थांबून थांबून.

नीलकंठ डिंकाची वाटी घेऊन उभा.
"पाचव्यात तेच टाकू, चिवा?"
नको.
"मग कोरा?"
कोराही नको.

पेन्सिल घेतली, टोक केलं,
आणि बारीक लिहिलं:
रूपजी वरठा यांनी सांगितले होते.

डिंक वाळेपर्यंत कागदावर वजन लागतं.
त्यासाठी येऊरचा एक दगड आहे,
मी रुजू झाले तेव्हापासूनचा.
तो कुठल्या जातीचा,
कुणी अजून विचारलेलं नाही.