उलटं चुंबक

ऑसी थॅकरी आला तेव्हा मी पाटी फिरवत होते.
कोटाच्या खांद्यांवर डॉन नदीवरचं धुकं,
गिटार उशीच्या अभ्र्यात.
"ओरडते," म्हणाला. "पूर्वी बोलायची."

लावून पाहिली. खरंच,
एकेक सूर दारावर लाथ मारून आत येत होता.

तारा सैल केल्या, पिकअप पालथा घातला.
चार पितळी स्क्रू, थोडं मेण,
ते मऊ करायला मुलीचा हेअर ड्रायर
(तिला अजून वाटतं तो सहलीत हरवला).
आणि तळाशी, तांब्याच्या दोन वेटोळ्यांखाली,
काळीकुट्ट सिरॅमिकची वडी.
स्क्रूड्रायव्हर तिनं माझ्या हातातून ओढूनच घेतला.

चोवीस वर्षं मी ॲटरक्लिफला चुंबकं घासली.
ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट;
ओतीव, खरबरीत, अंगावर वाळूच्या साच्याचे वण.
केसांतल्या पिना एकमेकींना धरून बसायच्या,
मनगटावरचं घड्याळ मागं पडायचं.
फोरमन म्हणायचा, एनिड, पुन्हा उशीर?
मी म्हणायचे, तुमच्याच मालाची कृपा.
कारखाना मोडला त्या दिवशी बिस्किटांच्या डब्यातून
एक्केचाळीस नग घरी आणले.
चोरी म्हणा. पेन्शन म्हणा.
एकोणीस उरलेत.

पोरं येतात, विचारतात, सगळ्यात जोरदार कुठलं?
मी म्हणते, जोर कमी कर बाळा.
जोरदार चुंबक तारेला हलू देत नाही,
ती थरथरते न थरथरते तोच तिचा गळा धरतं.
मवाळ असलं तर तार आपला हेलकावा पुरता घेते,
आणि पोटभर जेवलेल्या माणसासारखी
सावकाश उठून जाते.

डब्यातलं एक काढलं, होकायंत्राशी नेलं.
सुई कुठं वळते ते बघत होते
तेवढ्यात किटलीनं शिट्टी घातली.
चहा ओतून आले, चुंबक सरकवलं, स्क्रू आवळले.

ऑसी स्टुलावर बसला. बोटं जाडजूड,
बावन्न नंबरच्या बसचं स्टिअरिंग धरून धरून.
मानेकडचा पिकअप. "बरा आहे."
पुलाकडचा. "हाही बरा."
मग कळ मधोमध आणली, दोन्ही एकदम,
आणि आवाज पोकळ झाला.
बारीक, नाकातला,
पलीकडच्या खोलीत कुणी रेडिओ लावून
दार लोटून घ्यावं तसा.

माझ्या लक्षात आलं. उत्तरेच्या जागी दक्षिण.
दोन पिकअप एकमेकांचं बोलणं खोडत होते,
खोडून उरेल तेवढंच बाहेर येत होतं.
"आण इकडं. दोन मिनिटांचं काम. चूक माझी."

त्यानं गिटार पोटाशी धरली.
"हात लावू नकोस, एनिड."

मग बराच वेळ काही नीटसं वाजवलं नाही.
एकच तार, पुन्हा तीच, कान खाली नेऊन.
"लेननं ही स्वैपाकघरातल्या सुरीनं उघडली होती,
आई कामावर असताना. आत काय केलं देव जाणे.
तो गेल्यावर पोराला वाटलं, बिघडलीय.
चांगल्या मनानं दुरुस्त करून आणली."

"म्हणजे लेननंही उलटंच बसवलं असणार."
"शहाणा होता तो."
"की चष्मा नव्हता?"
"चष्मा," ऑसी म्हणाला, "चष्मा नव्हता,"
आणि हसता हसता कळ पुन्हा मधोमध आहे ना
ते अंगठ्यानं चाचपलं.

मी बारा पौंड घेतले.
चुकीचे किती घ्यायचे, कुणी शिकवलं नव्हतं.

काळी वडी आता फ्रिजच्या दारावर आहे,
तिच्याखाली गॅसचं बिल.
काढायला दोन्ही हात लागतात.