राखणदाराची तार

बिजवे गुरुजींची बोलेरो सकाळपासून
बोनट उघडून उभी हाय माह्या टपरीसमोर.
मोर्शीचं ऊन, पाना हाती धरवत नाही.

"चोराले सापडली नाही पायजे, चक्रधर,
अशा जागी बसव."
चोर कोण, ते गुरुजी बोलले नाहीत.
म्या इचारलं नाही.

साधी रिले इथं जळते,
सेल्फचा झटका तिले सोसत नाही.
ही नागपुरातून आणली, मुठीएवढी:
दोन बारके पाय, पंचाऐंशी न् शहाऐंशी,
दोन तांब्याचे बोल्ट, बोटाएवढे.

अलार्मची तार मात्र रिलेच्या अलीकडं,
थेट बॅटरीवर, न्यारा फ्यूज टाकून.
पयल्या वर्षी हे मले ठाऊक नव्हतं.
वरुडच्या एका जीपमधी राखणदारानं
आपलाच घास तोडला.
चाबी हाती, मालक दारात,
जीप मुकी.

रिमोट दाबला. टक.
काटे पडले, दिवे गेले.
पुन्हा दाबला. टक.
डॅशबोर्डवरचं घड्याळ बारावर येऊन बसलं.
"टाइम रोज लावा लागंन," म्हटलं.
"लावीन," गुरुजी म्हणाले,
न् पैसे मोजता मोजता दोनदा चुकले.

आठव्या दिवशी त्यायचा पोरगा आला, पायी.
"काका, टेस्टर देता का? घरचा बोर्ड पाहाचा हाय."
नखात ग्रीस होतं त्याच्या.
बोर्डाले ग्रीस नसते.

देला.
दोन टेस्टर होते माह्याजवळ.
ज्याचा बल्ब गेला होता, तो देला.