दीड बोट

लिलावात भंगाराच्या भावानं गेला
तासगाव पालिकेचा जुना बंब.
घेतला विट्याच्या एका हॉटेलवाल्यानं,
दारात शोभेला उभा करायला.
म्हणाला, उद्घाटनाला आपल्या चाकांवर यायला हवा,
ढकलत नको.

म्हणून बावीस वर्षांनी
पुन्हा माझ्या पत्र्याखाली आला.
बॉनेट उघडलं. तोच वास,
पेट्रोल, उंदराच्या लेंड्या, म्हातारं रबर.

सुरू झाला. पण ओढ नाही.
ॲक्सिलरेटर दाबला की आधी विचार करतो,
मग हलतो.
पाच मिनिटांत मॅनिफोल्ड तांबूस.
पॉइंट घासले, गॅप घेतला, कंडेन्सर बदलला,
वायरी मोजल्या,
एक-पाच-तीन-सहा-दोन-चार,
शाळेतले पाढे विसरलो, हा नाही.
टायमिंग लाइट धरली:
पुलीवरची खूण काट्यासमोर थिजलेली,
पुस्तकात सांगितली तिथंच.
सगळं बरोबर
आणि गाडी ओढत नाही.

हे मी आधी ऐकलं होतं.

मणेराजुरीची बेदाण्याची शेड पेटली त्या एप्रिलात
बंब चढावर बसला.
पोचला तोवर जाळ्या, रॅक, चार टन माल
आणि राखणदाराची म्हैस.
काहील करपल्यासारखा वास
दोन दिवस हटला नाही.
चौकशीत ड्रायव्हर भूपाल चौगुले एवढंच म्हणाला,
"इंजिन वढत न्हवतं, सायेब."
आणि पालिकेचा मेकॅनिक म्हणून खाली माझी सही:
टायमिंग तपासले. खुणेप्रमाणे बरोबर आहे.
त्याला मग पाण्याच्या टाकीवर धाडलं,
व्हॉल्व्ह फिरवायला.
रिटायर होईस्तोवर.

पहिला प्लग काढला.
भोकावर अंगठा ठेवला,
आमसिद्ध पुढून हँडल फिरवत होता.
हवेनं अंगठा उडवला.
मग सायकलची तार आत सोडली,
पिस्टनच्या टाळूवर उभी.
सावकाश रं. अजून. जरा.
तार वर आली, आणि
ना वर ना खाली.
इथं खूण काट्यासमोर पाहिजे.
होती दीड बोट मागं.

पुली दोन कड्यांची, मधे रबर.
रबरानं कधीतरी हात सोडला,
बाहेरची कडी सरकली
आणि जाताना खूणही घेऊन गेली.
आम्ही तिच्यावर डोळे लावून बसलेलो.
तिकडं ठिणगी रोजच उशिरा.

छिन्नीनं नवी खूण मारली, चुना भरला.
डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवला, अजून केसभर.
खाकरून घसा मोकळा व्हावा
तसा आवाज लागला.
आमसिद्ध हसायला लागला.
मी हात न धुताच स्कूटर काढली.

कवठे एकंदला, दारात,
भूपाल शेंगा फोडत बसला होता.
कडी, रबर, तार, सगळं सांगितलं.
बोटं धरून दाखवलं: एवढं.
तो माझ्या काळ्या बोटांकडं बघत राहिला.
"मला तवाच कळलं हुतं," म्हणाला,
"पाय सांगत हुता."

रविवारी विट्याला न्यायचाय, म्हटलं.
चालवशील?

बराच वेळ टरफलं गोळा करत होता.
सूप माझ्याकडं सरकवलं.
"ब्रेक बघितलास का?"