दार बंद होईपर्यंत

विमानाचं दार बंद झालं
की आमचा पगार सुरू होतो.
त्याआधीचं सगळं,
बॅगा वर ढकलणं, रडणाऱ्या पोराला खिडकी मिळवून देणं,
बावीस सी आणि बावीस डीचं कोपरावरून पेटलेलं भांडण,
एकशे साठ वेळा हसून गुड मॉर्निंग,
ते हिशेबात नाही.

देस प्लेन्समधलं हे घर आम्हा नऊ जणींचं,
म्हणजे कुणाचंच नाही.
तीन खोल्या, एकावर एक पलंग,
फ्रिजमध्ये नावाच्या चिठ्ठ्या लावलेले डबे.
माझ्या लोणच्यावर डोरीननं लिहिलंय: वृंदाचं. जपून.
इथे कुणी ना कुणी झोपलेलं असतंच,
म्हणून बातमीसुद्धा
पाय न वाजवता येते.

चार वर्षं. दोन मध्यस्थ.
हॉटेलांच्या तळघरातली लांब टेबलं, गार झालेली कॉफी.
वाटाघाटी म्हणतात आपल्याकडे.
वाट आहे त्या शब्दात, घाट आहे,
मुक्काम तेवढा नाही.

पहिल्या वर्षी लाल बिल्ले लावले.
दुसऱ्या वर्षी टर्मिनलबाहेर पाट्या घेऊन
गोल गोल फिरलो, जानेवारीत,
बोटं इतकी आखडली की पाटी खाली ठेवता येईना.
तिसऱ्या वर्षी संपाच्या बाजूनं मत दिलं, जवळजवळ सगळ्यांनी,
आणि संप झाला नाही.
इथला कायदा म्हणतो, थांबा.
विमानं थांबू नयेत
म्हणून माणसांनी थांबायचं.
चौथ्या वर्षी बिल्ल्याचा लाल उडून गुलाबी झाला.
लवॉन म्हणते, तिला हाच जास्त शोभतो.

थेल्मा मार्चमध्ये निवृत्त झाली.
अडतीस वर्षं.
धावपट्टीवर पाण्याची कमान पायलटांसाठी करतात,
तिला केक.
जाताना मऊ पडलेले बूट मला देऊन गेली,
म्हणाली, थकबाकी मिळालीच कधी
तर एक कॉफी पाज.

माझे वडील इचलकरंजीत माग चालवायचे.
मजुरी मीटरवर.
तुटलेला धागा जोडण्यात गेलेला वेळ
कापडात दिसत नाही,
म्हणून शेठच्या वहीतही नसे.
मी आठवीत होते. विचारलं,
मग तो वेळ जातो कुठे?
बोटांत, म्हणाले,
आणि पुन्हा वाकले.

काल रात्री सव्वाअकराला फोन थरथरले.
पाच. बाकीच्या चौघी हवेत होत्या.
उभय पक्षांत तत्त्वतः सहमती,
असं काहीतरी, वाक्य एवढं लांब
की डोरीनला चष्मा शोधावा लागला.
तीनशे अकरा पानं.
आम्ही स्वयंपाकघरात, एकाच फोनच्या उजेडात,
एक कलम शोधत राहिलो.
दारापूर्वीचा वेळ: अर्ध्या दरानं.

अर्ध्या.
दार अर्धं उघडलं म्हणायचं, लवॉन म्हणाली.
अर्धं लावलं म्हण, डोरीन म्हणाली.
ती नकाराचं मत देणार, तिला कर्ज असूनही.
लवॉन होकाराचं, तिला कर्ज आहे म्हणून.
माझ्याकडे बघितलं दोघींनी.
मी भांडी विसळायला घेतली.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत;
पलीकडे ग्रेटा झोपलेली, तिला चारला उठायचं होतं.

मतदान महिनाअखेर.
तोवर जुनाच करार, जुनाच दर,
ओ'हेअरला पहाटेचं तेच गेट.
थेल्माचे बूट मला अर्धा नंबर मोठे होतात,
पुढे कापूस भरलाय.
मी दारात उभी.
पहिला प्रवासी म्हातारा,
त्याच्या उंचीएवढी कसल्याशा वाद्याची पेटी घेऊन,
धापा टाकत.
ही कुठे ठेवू, बाई?

घड्याळ अजून सुरू नव्हतं.
द्या इकडे, म्हटलं,
बघते.