कडता

दहापैकी किती, काका?
उईके सिस्टर विचारते, पहाटे चारला,
धंतोलीच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर.

एकतीस वर्षं कळमन्याच्या काट्यावर होतो.
मिरचीचं पोतं ठेवलं की
बारदानाचा, ओलीचा, मातीचा
कडता आधी कापायचा
आणि मग आकडा बोलायचा.
म्हणून म्हटलं, चार.

होते सात.
छातीचं हाड मधोमध चिरून
तारेनं पुन्हा बांधलेलं.
तीन मीच वजा केले:
एक, खुर्चीत मान टाकून झोपलेल्या चंद्रकलेचा,
एक, पोरानं काढलेल्या कर्जाचा,
आणि एक असाच, सवयीचा.

तेवढ्यात खोकला आला.
सिस्टरनं टॉवेलची गुंडाळी छातीशी दिली,
"आवळा. लहान लेकराले धरता तसं. आता खोका."
खोकलो.
अख्खं गोदाम फुटलं डोळ्यांत.

"हे चार होय?"

मी पंख्याकडे पाहिलं.

"पाचावर होतं तवाच सांगाचं होतं ना, बाप्पा.
सातावर गेलं की गोळीले उशीर लागते.
लपवून इथं कोणाचा फायदा होते?"

आता घरी, पारडीला.
येताना एकोणीस गतिरोधक, प्रत्येक मोजला.
आडवं झोपता येत नाही, तर बसूनच झोपतो,
कूलरची मोटर रात्रभर कुरकुरते,
तिला कोणी विचारत नाही किती.
जुन्या हिशेबाच्या वहीत गोळ्यांच्या वेळा:
सहा, बारा, सहा, बारा.
दुखायची वाट बघायची नाही.
फुंकायच्या डबीतले दोन गोळे वर जातात,
तिसरा अजून जागेवरून हलत नाही.
बादली उचलायची नाही. नातीलाही नाही.
ती पायाशी येऊन उभी राहते, हात वर करून,
आणि ते मात्र
कुठल्याच काट्यावर बसत नाही.

शेजारी सावजी रस्स्याची फोडणी पडली
की शिंक यायच्या आधी मी टॉवेल शोधतो.
मिरचीवर आयुष्य काढलं,
आता मिरचीलाच भितो.

काल गोमाजीचा फोन, बाजारातून.
मागे हमालांची ओरड, ट्रकचा हॉर्न.
"कसा आहेस बे? बरा ना?"
जिभेवर 'बरा' आलाच होता.
"सहा," म्हटलं. "दहापैकी."

पलीकडे बराच वेळ नुसता बाजार ऐकू आला.
मग तो हळूच म्हणाला,
"माझा गुडघा आठ आहे.
दोन वर्षं झाली.
घरी सांगू नको."